राग सोबत न्या, उशीही न्या: इंदूरजवळच्या एका क्षमा-साधनेबद्दल

आधी कामाचं सांगते. शुक्रवारी संध्याकाळी सुरू, रविवारी दुपारच्या जेवणाला संपते. राहणं-जेवण धरून माणशी पंधराशे रुपये; ज्यांना तेवढे जमत नाहीत त्यांनी पाकिटात जमेल ते घालायचं, पाकीट कोणी उघडून बघत नाही. जागा इंदूरबाहेर, खंडवा रोडच्या अंगाला. चालवणारे कॅथलिक, येणारे कोणीही. विषय एकच: क्षमा. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण खाली काही तक्रारी आहेत आणि चार भल्या माणसांना चव्हाट्यावर आणायची माझी इच्छा नाही. ज्यांना जायचंय त्यांनी ओळखीच्या कॅथलिक घरात विचारावं, इंदुरात हे सगळं तोंडोतोंडीच चालतं.

आता मी कोण, ते सांगायला हवं, नाहीतर या परीक्षणाला अर्थ नाही. मी कॅथलिक नाही. माहेर नगरचं, तिथल्या जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं, म्हणजे प्रॉटेस्टंट चर्चमधलं. लग्न होऊन इंदूरला आले. इथली आमची मंडळी कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी उभी केलेली. 1877 मध्ये ते इथे आले आणि दहा वर्षांनी त्यांनी ख्रिश्चन कॉलेज काढलं. (नगरचं नाव आता अहिल्यानगर. म्हणजे माहेर अहिल्याबाईंच्या नावाचं आणि सासर त्यांच्या राज्यातलं. अशी सोय सगळ्यांची होत नाही.) नोकरी सगळी सहकारी बँकेत, त्यातली बरीचशी वसुली खात्यात. कर्ज बुडवणाऱ्या माणसाच्या दारात उभं राहून चहा नाकारायचं काम मी आयुष्यभर केलंय. त्यामुळे 'सोडून द्या, माफ करा' असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो: नक्की किती?

राग धाकट्या भावावर. वडील मृत्युपत्र न करता गेले. आम्हा ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो, त्यात मुलगा-मुलगी सारखेच. तरी हक्कसोडपत्राचा कागद पुढे आलाच, कारण आजूबाजूला सगळ्या बहिणी सही करतात, मग हिलाच काय झालं? मी केली नाही. तेव्हापासून बोलणं बंद. आई गेली तेव्हा मला माती झाल्यावर कळवलं, तेही व्हॉट्सॲपवर. वाटपाचा दावा नगरच्या कोर्टात चालू आहे. दर महिन्या-दोन महिन्यांनी तारीख पडते, वकील फोन करतात, आणि त्या रात्री मला झोप लागत नाही. या झोपेसाठी मी गेले. आध्यात्मिक वगैरे कारण नव्हतं.

राहण्याची व्यवस्था: खोल्या स्वच्छ, पंखे चालतात, गाद्या मात्र काथ्याच्या असाव्यात अशा कडक. पाठ दुखणाऱ्यांनी घरून चादर नव्हे, जाड रजई न्यावी. उशी तर न्यावीच. बायकांच्या बाजूला गरम पाणी सकाळी सहापर्यंत. सव्वासहाला गेलात तर मग गार पाणी आणि तुमचं नशीब. डासांचं औषध न्या. फोन काढून घेत नाहीत, पण खोलीत रेंजच नाही, तेव्हा प्रश्नच मिटतो.

जेवण उत्तम, आणि हे मी इंदूरमध्ये राहून म्हणते आहे. सकाळी पोहे, वर शेव, वर जीरावन मसाला, सोबत जलेबी. शेजारच्या पातेल्यात अप्पम आणि बटाट्याचा स्ट्यू, कारण स्वयंपाकघर केरळच्या सिस्टरांच्या, म्हणजे नन्सच्या, हाती आहे. पोह्यांवर स्ट्यू ओतून खाणारा एक मुलगाही पाहिला. रविवारी दाल-बाफले. तूप हात आखडून नाही.

शुक्रवारची रात्र मात्र वाया गेली. बाहेरून एक प्रवचनकार बोलावले होते. माणूस मनापासून बोलणारा होता, पण माइक हातात, मागे कीबोर्ड, आणि कीबोर्डवाला दर वाक्याखाली सूर लांबवत बसलेला. 'डोळे मिटा, ज्याने तुम्हाला दुखावलं त्याचा चेहरा आठवा, आता मनातल्या मनात त्याला मिठी मारा.' आजूबाजूला बायका रडायला लागल्या. मी डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. मिठी मारायला सांगणं सोपं असतं. ज्या बाईच्या नवऱ्याने तिला मारलंय, तिला डोळे मिटून त्याला मिठी मारायला सांगणं ही क्षमा शिकवणं नव्हे, आणि अशी एक बाई माझ्या डाव्या हाताला बसली होती. रात्री जेवताना तिनेच सांगितलं. प्रवचनकारांना हे माहीत असायला हवं होतं असं नाही, पण ते माहीत नसतानाही चालेल असं बोलता येतं. दुसऱ्या दिवशी ते नव्हते. बरंच झालं.

शनिवारसाठी मात्र पंधराशे रुपये कमीच आहेत.

सकाळच्या सत्राला एक मध्यमवयीन सिस्टर आल्या, हिंदी मल्याळी वळणाची, आवाज बारीक, माइक नको म्हणाल्या. त्यांनी मत्तयच्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकराचा दाखला वाचला. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? आणि उत्तर मिळतं, साताच्या सत्तर वेळा. मग राजा, मग त्याला दहा हजार तालंत देणं लागणारा चाकर, मग त्याच चाकराला शंभर दीनार देणं लागणारा दुसरा चाकर. राजा पहिल्याला सगळं सोडतो, पहिला दुसऱ्याला सोडत नाही. हा दाखला मी लहानपणापासून ऐकत आलेय, संडे स्कूलमध्ये त्याचं नाटकही केलंय. नेहमी सांगतात की शंभर दीनार म्हणजे किरकोळ, चणे-फुटाण्यांची रक्कम. सिस्टरांनी फळ्यावर हिशेब मांडला. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे शंभर दीनार हे शंभर दिवसांच्या राबण्याचे पैसे. आणि एका तालंताचे सहा हजार दीनार, म्हणजे दहा हजार तालंतांचे सहा कोटी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षांची मजुरी.

मी मनात पडताळून पाहिलं. आकडा बरोबर.

मग त्या म्हणाल्या, की पहिला आकडा फेडता येण्यासारखाच नाही, हे सगळेच सांगतात. पण दुसरा आकडा खरा आहे. प्रभूने 'एक दीनार' म्हटलेलं नाही. ज्याचे शंभर दिवस बुडाले त्याचं नुकसान झालेलं आहे. तुमचंही झालेलं आहे. ते नाही असं समजून क्षमा करू नका, कारण नसलेलं कर्ज माफ करता येत नाही.

आणि त्यांनी प्रत्येकाला एकेक कोरा कागद दिला. त्यावर लिहायचं: या माणसाकडून मला काय येणं आहे. मोघम नाही, एकेक बाब वेगळी. मोघम राग मोघमच राहतो, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला दोन तास दिले आणि बागेत, व्हरांड्यात, चॅपेलमध्ये, हवं तिथे बसायला सांगितलं. बोलायचं नाही.

वसुली खात्यातल्या बाईला असा कागद देणं म्हणजे काय, ते त्या सिस्टरांना ठाऊक नव्हतं. मी पाठपोट भरलं. घरातला माझा अर्धा हिस्सा. आईच्या मातीला न बोलावणं. वडिलांच्या हातची जन्मतारखा लिहिलेली घरातली बायबल, जी त्याने दिली नाही. 'ताई पैशासाठी भांडते' असं नात्यात पसरवणं. आणि शेवटी: आईचं ऐकायचं यंत्र बिघडलं होतं, ते त्याने महिनोन् महिने दुरुस्त केलं नाही, फोनवर मी ओरडून बोलायचे आणि आई 'हो, हो' म्हणायची. हे लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं.

दुपारी हवं असेल त्याला सिस्टरांशी एकटं बोलता येतं. मी गेले, कागद पुढे ठेवला. त्या प्रत्येक ओळीवर थांबल्या. नात्यातल्या बदनामीवर म्हणाल्या, ही सोडता येईल का? मी म्हटलं, हो, ही सोडली, ज्यांनी विश्वास ठेवला तेही काही मोठे नव्हते. त्यांना हसू आलं. आईच्या मातीवर थांबल्या, काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. ती ओळ अजून तशीच आहे. ऐकायच्या यंत्रावर मात्र त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "दीदी, ये आपका नहीं है. ये आपकी माँ का है." आईचं येणं मी माफ करू शकत नाही आणि मी वसूलही करू शकत नाही. ते आई आणि देव बघतील. मी ती ओळ खोडली. इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या खात्याची वसुली करत होते. बँकेत असं केलं असतं तर मेमो मिळाला असता.

राहिलं घर. मी सरळ विचारलं: क्षमा केली तर दावा मागे घ्यावा लागेल का? आमच्या मंडळीत मला हे कितीदा ऐकवलंय, प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात सांगतो ना, भावा-भावांनी कोर्टात जाऊ नये, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? सिस्टर म्हणाल्या, त्याच अध्यायात पौल विचारतो की तुमच्यात न्याय करणारा एकही शहाणा माणूस नाही का? तुमच्या मंडळीने निवाडा करून दिला का? मी म्हटलं, आमचे पाळक, म्हणजे पाद्री, म्हणाले, घरातलं घरात मिटवा. त्या म्हणाल्या, मग जे मंडळीने केलं नाही त्याचं ओझं तुमच्या एकटीच्या डोक्यावर का?

यावर पुढे त्यांनी 'दावा चालू ठेवा' असंही सांगितलं नाही आणि 'मागे घ्या' असंही नाही. त्यांनी एसाव आणि याकोबाचं सांगितलं, म्हणजे थोरल्या भावाला फसवून पळालेला धाकटा, आणि त्यांची वर्षांनंतरची भेट. उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात एसाव धावत येतो, भावाच्या गळ्यात पडतो, दोघे रडतात. हे सगळ्यांना पाठ आहे. पुढचं कोणी वाचत नाही. एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, तू पुढे हो, मी सेईरला येतो. आणि तो जातो सुक्कोथला. मिठी खरी, आणि वेगळी वाटही खरी.

मला हे समजलं ते माझ्या भाषेत. बँकेत 'तांत्रिक राइट-ऑफ' असतो. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं. पुढे कधीतरी मुख्य कार्यालय ते ताळेबंदातून काढून टाकतं, म्हणजे दर तिमाहीला त्याच्यासाठी तरतूद करत, त्याच्याकडे बघत बसायचं नाही. पण शाखेत वसुली चालूच राहते, नोटीस जाते, दावा चालतो. कर्जमाफी वेगळी. लोक दोन्ही एकच समजतात आणि वर्तमानपत्रंही समजतात. घराची ती ओळ मी त्या अर्थाने ताळेबंदातून काढली. दाव्याची तारीख वकिलांच्या डायरीत राहील. माझ्या रात्रीत नको. राजाने चाकराला केली ती पूर्ण माफी होती, हे मला कळतं. तिथपर्यंत मी पोचलेली नाही आणि त्या दोन दिवसांत पोचवायचा आग्रहही कोणी धरला नाही. माझ्या मते हीच या साधनेची सर्वात मोठी जमेची बाजू.

शनिवारी दुपारनंतर एक मिनीबस उदयनगरला नेते. ज्यांना नको त्यांनी केंद्रातच थांबावं, पण मी म्हणेन जा. उदयनगर देवास जिल्ह्यातलं लहानसं गाव. तिथल्या चर्चमध्ये सिस्टर राणी मारिया यांची समाधी आहे. केरळच्या पुल्लुवळी गावच्या, 1992 मध्ये उदयनगरला आल्या, गरीब आदिवासी बायकांचे बचतगट बांधले, त्यामुळे सावकारांचा धंदा बसायला लागला. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला येणाऱ्या बसमधून त्यांना बाहेर ओढून समंदर सिंह नावाच्या माणसाने चाकूने मारलं. अंगावर पन्नासवर जखमा. हे घडलं तो घाटाचा भाग जाताना गाडीतून दाखवतात. आमच्या मिनीबसमध्ये तोवर मागच्या बाकावरची मुलं अंताक्षरी खेळत होती, तिथे गप्प झाली.

समंदर सिंहला जन्मठेप झाली. तो इंदूरच्या तुरुंगात असताना स्वामी सदानंद नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू त्याला भेटत राहिले. 2002 मध्ये राखीपौर्णिमेला राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याच्या हाताला राखी बांधली. पुढे कुटुंबानेच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि 2006 मध्ये तो सुटला. तो केरळला त्यांच्या घरीही गेला. राणी मारियांच्या आईने त्याच्या हातांचं चुंबन घेतलं, कारण त्या हातांना तिच्या लेकीचं रक्त लागलं होतं. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरातच राणी मारियांना धन्य (कॅथलिकांत संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं; त्या दिवशी शहरातली गर्दी मला आठवते.

ही गोष्ट इंदूरच्या ख्रिस्ती माणसाला नवी नाही. आणि खरं सांगायचं तर मला ती नेहमी जरा जड जाते. बहिणीच्या खुन्याला राखी! आणि मी इथे एका बायबलसाठी आणि अर्ध्या घरासाठी तोंड फिरवून बसलेय. गोष्ट सांगणारे बहुतेक ती अशीच सांगतात, ऐकणाऱ्याने खाली मान घालावी म्हणून. उदयनगरला आमच्याबरोबर आलेल्या फादरांनी तसं केलं नाही, एवढं त्यांचं श्रेय. त्यांनी तारखा सांगितल्या. खून 95 ला, राखी 2002 ला. मधली सात वर्षं रिकामी नव्हती, आणि ती कोणी सिस्टर सेल्मींकडून हिसकावून घेतली नाहीत. आणि माणूस तुरुंगात होता. राखी बांधली म्हणून त्याच दिवशी दार उघडलं नाही. सुटकेचा अर्ज झाला तो त्याचा पश्चात्ताप बघून. माझ्या भावाचा पश्चात्ताप मी अजून बघितलेला नाही, तेव्हा माझ्याकडून कोणत्या टप्प्याची अपेक्षा आहे, हे मला तिथे समाधीशेजारी उभं राहून जास्त नीट कळलं.

समाधीपाशी आमच्यातल्या कॅथलिक बायकांनी मेणबत्त्या लावल्या. मी लावली नाही, आमच्यात नाही. एका बाईने तिच्याकडची जास्तीची मेणबत्ती माझ्याकडे केली, मी 'नको' म्हटलं, तिने काही वाईट वाटून घेतलं नाही. असल्या बारीकसारीक गोष्टींत या केंद्राचा स्वभाव कळतो. रविवारच्या मिस्सेतही, म्हणजे कॅथलिक उपासनेतही, प्रभुभोजन कॅथलिकांनाच, हे त्यांनी शुक्रवारीच स्पष्ट सांगून ठेवलं होतं. पापस्वीकारही त्यांचाच, आमच्यासारख्यांना फादरांशी नुसतं बोलता येतं. प्रॉटेस्टंट वाचकांनी हे धरून जावं, तिथे जाऊन हिरमुसू नये. हिंदू घरातले चार-पाचजण होते, त्यांना कोणी धर्माबद्दल विचारलंही नाही. भाषा सगळी हिंदी. मराठीत काही नाही. प्रार्थना आपली आपण मनात मराठीत म्हणायची. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' इथे मी यावेळी थोडी थांबून पुढे गेले. त्यातलं 'सोडले आहे' हे अजून निम्मंच खरं आहे.

रविवारच्या सकाळबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रश्नोत्तरांत वेळ गेला, त्यातला निम्मा एकाच काकांनी खाल्ला. त्यांना भाडेकरूला क्षमा करायची नव्हती, घराबाहेर कसं काढायचं ते विचारायचं होतं.

कोणी जावं? ज्यांचा राग जुना आहे आणि ज्यांना तो सांगायला कोणी उरलेलं नाही, त्यांनी. घरच्यांनी 'जा, सुधारून ये' म्हणून पाठवलेल्यांनी जाऊ नये. असे दोघे होते, दोन्ही दिवस कँटीनमध्ये बसून होते. आणि ज्यांना अजून मार बसतोय, ज्यांचं प्रकरण आज, आत्ता चालू आहे, त्यांनी आधी पोलीस, वकील, माहेर, जे असेल ते गाठावं. माझ्या डावीकडच्या बाईला सिस्टरांनीही हेच सांगितलं, आणि तिच्याबरोबर वकिलाकडे जायला स्वतः निघाल्या. शुक्रवारच्या प्रवचनकारांना हे दिसायला हवं होतं.

झोपेचं विचाराल, तर परवा तारीख पडली. वकिलांचा फोन संध्याकाळी आला. नऊला जेवले, अकराला झोपले. पुढच्या तारखेचं माहीत नाही.

भावाला फोन केलेला नाही. बायबल मागण्यासाठी एक पत्र लिहिलंय, त्यात घराचा विषय नाही. वकिलांना दाखवून टाकेन. सवय जात नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. एक कीबोर्डचा कापला, अर्धा गाद्यांचा. पुढची साधना लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, आधी आहे म्हणतात. खोल्या थोड्याच आहेत, नाव आधी नोंदवा. फोन सकाळी अकराच्या आत करा, दुपारी उचलत नाहीत.